धुराड्याचं तडकलेलं अस्तर बदलायचंय? तपासणीपासून पहिल्या जाळापर्यंत

धुराडं बाहेरून भक्कम दिसतं. विटा जागच्या जागी असतात, वर टोपी असते. पण धूर ज्या नळीतून वर जातो ती नळी, म्हणजे आतलं अस्तर किंवा लायनर, घरातल्या कुणाच्याच नजरेला पडत नाही. आमच्याकडचं अस्तर तडकल्याचं कळलं तेव्हा सल्ल्यांची कमी नव्हती. कुणी म्हणालं नळी घाला, कुणी म्हणालं भेगा लिंपून टाका, कुणी थेट धुराडंच पाडायला सांगितलं. यातलं कुठलं कधी लागू पडतं हे समजायला खूप वेळ गेला. तो वेळ तुमचा जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. लाकडाचा किंवा कोळशाचा स्टोव्ह, फायरप्लेस, तेलाचा बॉयलर किंवा गॅसचा हीटर, यांपैकी ज्याचा धूर विटांच्या धुराड्यातून जातो अशा घरासाठी हा लेख आहे. स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीशी त्याचा संबंध नाही.

नवं लायनर विकत आणणं ही या कामातली सगळ्यात सोपी पायरी. जुनं का गेलं हे शोधणं आणि नवं कोणत्या धातूचं, किती रुंदीचं हवं हे ठरवणं, खरं काम तिथे आहे. कारण न शोधता नवी नळी घातली, तर जुन्या अस्तराला ज्याने खाल्लं तेच नव्यालाही खाईल.

१. आधी जाळणं बंद करा

अस्तर फुटल्याची शंका आली की त्या दिवसापासून त्या धुराड्याखाली काहीही पेटवू नका. अस्तराची कामं तीन: धूर आणि विषारी वायू घराबाहेर नेणं, उष्णता भिंतीतल्या लाकडापर्यंत पोचू न देणं आणि आम्लयुक्त ओलाव्यापासून विटा-चुना वाचवणं. भेग पडली की तिन्ही कामं एकदमच बिघडतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर आणि घराबाहेर पडल्यावर बरं वाटणं अशी त्याची लक्षणं असतात. सर्दी-तापाची साथ समजून लोक ती अंगावर काढतात. झोपायच्या खोल्यांजवळ आणि चूल-हीटर असलेल्या खोलीत त्याचे अलार्म नसतील तर आजच लावा, बाकीची कामं नंतर.

शंका कशावरून घ्यायची? फायरप्लेसच्या तळाशी किंवा सफाईच्या दारामागे भाजलेल्या मातीच्या पातळ चकत्या किंवा तुकडे पडलेले दिसले, वरच्या मजल्यावर धुराचा वास यायला लागला, धुराड्याला लागून असलेल्या भिंतीवर तपकिरी ओघळ उठले किंवा बाहेरच्या विटांवर पांढरं मीठ फुटलं, तर तपासणी टाळू नका. धुराड्याच्या आत आग लागून गेली असेल तर काहीच दिसत नसलं तरी तपासणी हवीच. अशा आगीत आतलं तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं आणि मातीच्या नळ्या एकदम तापल्या की उभ्या चिरतात. कधी आगीचा मोठा घरघराट ऐकू येतो, कधी ती गुपचूप धुमसून विझते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. डॅम्पर (धुराड्याचं तोंड उघडबंद करणारी झडप) वाकलेला, टोपीचा रंग बदललेला, काजळी फुगून जाळीदार झालेली, या तिच्या खुणा. आग चालू असतानाच लक्षात आलं तर स्टोव्हची हवा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. तापलेल्या नळीवर पाणी ओतू नका.

२. कॅमेऱ्याची तपासणी करून घ्या

खालून टॉर्च मारून किंवा वरून डोकावून अस्तराचं काही कळत नाही. नळीतून कॅमेरा फिरवूनच सांधे, भेगा, निसटलेले तुकडे दिसतात. अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या मानकात तपासणीचे तीन स्तर सांगितले आहेत. पहिला म्हणजे वरवरची वार्षिक पाहणी. दुसऱ्यात कॅमेरा येतो आणि पोटमाळ्यासारख्या जागांतूनही धुराडं पाहिलं जातं. तिसऱ्यात भिंतीचा भाग उघडावा लागतो. आग लागून गेली असेल, घर विकत घेतलं असेल किंवा खालचं उपकरण बदलायचं असेल तर दुसरा स्तर लागतो. तुम्ही कुठल्याही देशात असा, कारागिराशी बोलताना ही विभागणी उपयोगी पडते. "तपासणी करतो" या शब्दात नेमकं काय काय येतं ते त्याला आधी विचारता येतं.

सापळा इथेच असतो. स्वस्तात सफाई करतो म्हणून यायचं आणि दुसऱ्याच कुणाच्या फुटक्या धुराड्याचं चित्रण दाखवून घाबरवायचं, हा जुना धंदा आहे. चित्रीकरण तुमच्या खोलीतून किंवा तुमच्या छतावरून सुरू होऊन न थांबता आत गेलेलं हवं. फाइल मागून घ्या. भेग वरून किती मीटरवर आहे हे अहवालात लिहून घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी तेच चित्रण दाखवून मत विचारा. प्रामाणिक कारागीर याला कधीच नाही म्हणत नाही.

पोटमाळ्यात स्वतः एकदा जाऊन या. धुराड्याच्या विटांना तुळई, वासे टेकलेले आहेत का ते पाहा. अमेरिकी नियमांत घराच्या आतून जाणाऱ्या विटांच्या धुराड्यापासून लाकूड सुमारे ५० मिमी आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या धुराड्यापासून सुमारे २५ मिमी दूर लागतं. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं लाकूड आतून बदलत जातं आणि मग ताज्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. जुन्या घरांत हे अंतर बहुतेक वेळा नसतंच. ते नसेल तर नव्या लायनरला उष्णतारोधक आवरण घालणं सक्तीचंच समजा.

३. जुनं अस्तर का गेलं?

या पायरीवर घाई करू नका. कारणं साधारण चार असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पहिलं, आग. ओलं लाकूड जाळलं, किंवा रात्रभर टिकावं म्हणून हवा दाबून धुमसत ठेवलं, की अर्धवट जळलेला धूर थंड नळीला चिकटतो. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. आधी ती भुरभुरीत काजळी असते, मग तिचे पापुद्रे होतात आणि शेवटी काचेसारखा चकचकीत, डांबरी थर चढतो. तो थर पेटतो. लाकडात ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी हवा. साधा ओलावामापक विकत घ्या, ओंडका फोडून ताज्या फोडलेल्या आतल्या बाजूला टोचा. बाहेरच्या बाजूचं माप फसवं असतं.

दुसरं, पाणी. टोपी नाही, माथ्यावरची सिमेंटची लादी चिरलेली आहे, छत आणि धुराडं यांच्या सांध्यातला पत्रा उचकटलेला आहे, असं असेल तर पाऊस आत उतरतो. थंड हवेत तेच पाणी गोठून फुगतं आणि सांधे उकलतं. हे कारण असेल तर माथ्याची दुरुस्ती आधी, लायनर नंतर.

तिसरं, वायूतला ओलावा आणि आम्ल. नैसर्गिक वायू "स्वच्छ" जळतो म्हणून त्याला धुराड्याचं काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. नवी, जास्त कार्यक्षम उपकरणं धुरात उष्णता कमी सोडतात. तो कोमट धूर जुन्या रुंद, थंड नळीत शिरला की वाफेचं पाणी होतं, ते आम्लधर्मी असतं आणि मातीच्या नळ्या-चुना कुरतडत राहतं. इथे गुन्हेगार नळीची रुंदी असते. कोळशाचं दुखणं वेगळं. त्याच्या काजळीत गंधक असतं आणि हंगाम संपल्यावर दमट हवेत तिचं आम्ल होतं. स्टोव्ह बंद पडून असतो त्या महिन्यांतच नळीला भोकं पडतात.

चौथं, चुकीचं जळण. रंगवलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूड, प्लास्टिक, कचरा, समुद्रात भिजून किनाऱ्याला लागलेले ओंडके, या सगळ्यांतून क्लोरीनची संयुगं निघतात. ती स्टेनलेस स्टीललाही खातात. हमीपत्राच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा हेच कारण देऊन हमी नाकारलेली असते.

४. उपाय आणि धातू निवडा

फक्त सांध्यांतला चुना झडला असेल आणि नळ्या शाबूत असतील तर सिरॅमिक लेपाने आतून लिंपून काम भागू शकतं. नळ्या चिरल्या असतील तर लेप हा उपाय नाही. धुराडं वाकडंतिकडं, आतून विटाच ढिल्या झालेल्या, असं असेल तर फुगवलेल्या रबरी नळीभोवती हलकं काँक्रीट ओतून आत नवी नळी ओततात. हे मजबूत असतं पण पुन्हा काढता येत नाही, आणि ते काम निष्णात माणसाचंच. बहुतेक घरांत तिसरा मार्ग निवडला जातो: वरून स्टेनलेस स्टीलची नळी सोडणं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याबद्दल आहेत.

धातू जळणावर ठरतो. लाकडासाठी ३०४ किंवा त्याहून चांगल्या ३१६ प्रतीचं स्टील वापरतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते गंजाला जास्त दाद देत नाही. कोळसा जाळत असाल किंवा स्टोव्ह वर्षभर वापरात असेल तर ९०४एल विचारा, त्यात मॉलिब्डेनम त्याहूनही जास्त असतं. ॲल्युमिनियमची नळी ठरावीक गॅस उपकरणांपुरतीच, लाकूड-कोळसा-तेलाला कधीही नाही. कंडेन्सिंग गॅस बॉयलरचा (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरचा) धूर इतका थंड आणि ओला असतो की त्याला बनवणाऱ्याने सांगितलेली वेगळी, बंदिस्त नळीच लागते. गॅससाठीची एकपदरी पातळ नळी आणि लाकडासाठीची दुपदरी नळी दुकानात शेजारी ठेवलेल्या असतात आणि लांबून सारख्याच दिसतात. किमतीत बराच फरक दिसला तर बहुधा हेच कारण असतं.

छापील लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. अमेरिकेत यूएल १७७७, कॅनडात यूएलसी एस६३५, युरोपात ईएन १८५६-२ हे लायनरसाठीचे मानक आहेत. युरोपीय लेबलवर एक लांब खूण असते, उदाहरणार्थ टी६०० एन१ डी आणि पुढे जी. टी६०० म्हणजे ६०० अंशांपर्यंत सतत चालेल. जी म्हणजे काजळीच्या आगीच्या चाचणीत नळी टिकली आहे, आणि ती चाचणी १,००० अंशांवर ३० मिनिटांची असते. जीच्या जागी ओ असेल तर ती नळी लाकूड-कोळशाच्या धुराड्यात घालू नका.

लवचिक की सरळ? धुराडं अगदी सरळ असेल तर कडक नळीचे तुकडे जास्त टिकतात आणि आतून गुळगुळीत असल्याने साफ करायला सोपे. वळण असेल तर लवचिकच. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे वळण उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त नको. त्याहून तिरपी नळी दुसरीकडेही करू नये, तिथे काजळी साचते आणि ब्रश अडकतो.

५. मापं घ्या

स्टोव्हसाठी नियम सरळ आहे: स्टोव्हमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडाच्या मापापेक्षा लहान नळी कधीच नको, आणि पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा फार मोठीही नको. १५० मिमी तोंडाच्या स्टोव्हला १५० मिमीची नळी. "थोडी मोठी घेऊ, ओढ (धूर वर खेचला जाण्याचा जोर) चांगली लागेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १५० मिमी नळीचं आतलं क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटीमीटर, २०० मिमीचं ३१४. म्हणजे तेवढाच धूर जवळपास पावणेदोन पट जागेत पसरतो, हळू चढतो, थंड होतो आणि चिकटतो.

उघड्या फायरप्लेसला नळी समोरच्या उघड्या तोंडाच्या क्षेत्रफळावरून ठरते. अमेरिकी नियमांत गोल नळीसाठी किमान एक बारांश, चौकोनीसाठी एक दशांश धरतात. ब्रिटनमध्ये मोठ्या तोंडासाठी १५ टक्के. ९० सेंमी रुंद आणि ७० सेंमी उंच तोंडाचं क्षेत्रफळ ६,३०० चौ. सेंमी. त्याचा बारावा भाग ५२५, म्हणजे साधारण २६० मिमी व्यासाची गोल नळी. एवढी नळी जुन्या धुराड्यात पुष्कळदा बसतच नाही. अशा वेळी तोंड लहान करणं किंवा त्यात बंदिस्त स्टोव्ह बसवणं हे दोनच शहाणे पर्याय उरतात.

आता धुराड्याच्या आतलं माप. नळीच्या व्यासात आवरणाची जाडी दोन्ही बाजूंनी मिळवा. १५० मिमी नळी, त्यावर १३ मिमीचं आवरण, वर जाळी आणि नळीच्या वळ्यांची जाडी धरली तर १८० मिमीच्या पुढे जातं. २०० मिमी चौकोनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मातीच्या नळीचं आतलं माप १७५ मिमीच्या आसपासच असतं. म्हणजे आवरणासकट नळी जाणार नाही आणि जुन्या नळ्या फोडून काढाव्या लागतील. हे काम सुरू झाल्यावर कळलं तर अंदाजपत्रक कोलमडतं. म्हणून नळी मागवण्याआधी ठरलेल्या बाहेरच्या व्यासाचा, साधारण हातभर लांबीचा एक नमुना दोरीला बांधून वरपासून खालपर्यंत ओढून पाहा. खालूनही एक दोरी बांधलेली असू द्या, अडकला तर परत काढता येतो.

लांबीसाठी वरून वजन बांधलेली टेप सोडा आणि मिळालेल्या मापात किमान ३० सेंमी जास्त धरा. धुराड्याची उंचीही याच वेळी तपासा. अमेरिकेत माथा छताच्या वर किमान ९० सेंमी आणि ३ मीटरच्या आत जे काही उंच असेल त्याच्या ६० सेंमी वर लागतो. कमी उंचीच्या धुराड्याला नवं लायनर घालून ओढ सुधारत नाही.

६. परवानगी आणि कागदपत्रं

बऱ्याच ठिकाणी हे काम इमारत-नियमांखाली येतं. परवानगी, नोंदणीकृत कारागीर किंवा कामानंतरची अधिकृत तपासणी, यांपैकी काहीतरी लागतंच. विमा कंपनीला काम सुरू करण्याआधी लेखी कळवा. आगीमुळे अस्तर फुटलं असेल तर काही विमापत्रांत त्याची भरपाई मिळू शकते, पण कॅमेऱ्याचं चित्रण आणि दुरुस्तीपूर्व फोटो नसतील तर दावा टिकत नाही. कंपनीच्या माणसाने पाहणी करेपर्यंत जुन्या नळ्यांचे तुकडे फेकू नका.

एका फाइलमध्ये हे ठेवा:
- स्टोव्ह किंवा बॉयलरची बसवण्याची पुस्तिका आणि त्यावरच्या लेबलचा फोटो
- तपासणीचा लेखी अहवाल आणि चित्रण
- याआधीच्या सफाईच्या पावत्या
- किमान दोन कारागिरांची तपशीलवार अंदाजपत्रकं, ज्यांत धातूची प्रत, व्यास, आवरणाचा प्रकार आणि मानकाचा क्रमांक लिहिलेला असेल
- परवानगीचा कागद, विम्याचा पत्रव्यवहार
- लायनरची हमी आणि तिच्या अटी

"स्टीलचं लायनर बसवणे" एवढंच लिहिलेलं अंदाजपत्रक परत करा. त्यात आवरण येतं का, जुन्या नळ्या काढणं येतं का, माथ्याची दुरुस्ती येते का, हे प्रत्येक वेगळ्या ओळीत हवं.

७. स्वतः की कारागीर?

माझं मत स्पष्ट आहे. सरळ धुराडं, सहज चढता येणारं छत, लाकडाचा एकच स्टोव्ह आणि नियमांची परवानगी असेल, तर हाताला सवय असलेल्या दोघा-तिघांना हे काम जमतं. गॅस किंवा तेलाचं उपकरण, जुन्या नळ्या फोडणं, तीव्र उताराचं छत, ढिल्या विटा, यांपैकी काहीही असेल तर कारागीरच बोलवा. स्वतः केलंत तरी शेवटची जोडणी आणि चाचणी परवानाधारक माणसाकडून करून घ्या. आणखी एक: जुन्या सिमेंटच्या पाइपमध्ये, सांधे बुजवायच्या जुन्या दोऱ्यांमध्ये आणि व्हर्मिक्युलाइट या हलक्या खनिजाच्या काही जुन्या भरावात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे खनिज तंतू, असू शकतात. संशय आला तर हात न लावता आधी नमुना तपासून घ्या.

लागणारी हत्यारं आणि साहित्य:
- छताची शिडी, कंबरपट्ट्यासह सुरक्षा-दोर, हेल्मेट, गॉगल, जाड हातमोजे, बारीक धूळ अडवणारा मास्क
- सफाईचे ब्रश आणि सळ्या, जाड ताडपत्री, काजळी ओढू शकणारा व्हॅक्यूम
- लायनर, टी-जोड (टी आकाराचा, स्टोव्हची नळी बाजूने जोडायचा तुकडा), माथ्याची पट्टी, कॉलर, टोपी, स्टोव्हला जोडायचा अडॅप्टर
- सिरॅमिक फायबरचं आवरण, त्यावरची स्टीलची जाळी, क्लॅम्प
- ओढायचा शंकू आणि मजबूत दोरी
- स्टेनलेससाठीची चकती लावलेला ग्राइंडर, कानस, स्टेनलेस स्क्रू, उच्च तापमानाचं सीलंट, आगीची माती (उष्णता सोसणारी, सांधे लिंपायची माती)

साधी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी या यादीत नाही आणि सांध्यावर ती कुठेच चालत नाही.

८. जुनं साफ करा

खोलीतलं सामान हलवा, फायरप्लेसचं तोंड ताडपत्रीने बंद करा. मगच ब्रश फिरवा. चकचकीत डांबरी थर ब्रशने निघत नाही. त्याला रसायन किंवा फिरती साखळी लागते. तो तसाच ठेवून त्यावर नळी घालू नका. बाहेरच्या पोकळीत तो पेटला तर नव्या नळीला बाहेरून आग लागते.

धुराड्यात पक्ष्यांचं घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा, बऱ्याच देशांत कायदाही तेच सांगतो. जुन्या नळ्या फोडायच्या असतील तर ड्रिलला जोडलेलं फिरतं हत्यार वरून खाली सोडतात आणि पडलेला राडारोडा खालून वरचेवर काढत राहतात. ढीग साचू दिला तर तो मधेच अडकून बसतो. फायरप्लेसच्या डॅम्परची चौकट नळीच्या वाटेत येत असेल तर तिचा मधला भाग कापावा लागतो.

९. नळी सोडा

वारा आणि पाऊस नसलेला दिवस निवडा. वर दोघं, खाली एक. गुंडाळलेली नळी आदल्या दिवशी सपाट जागी सरळ करून ठेवा. आवरण जमिनीवरच गुंडाळायचं, चकचकीत फॉइलची बाजू बाहेर, सांधा एकावर एक चढवून, आणि वरून जाळी खेचून दोन्ही टोकांना क्लॅम्प. आवरण पूर्ण लांबीला हवं, वरच्या थोड्या भागापुरतं नव्हे. घालताना ते फाटलं तर बाहेर काढून दुरुस्त करा.

दुपदरी लवचिक नळीवर बाण छापलेला असतो. वर कोणती बाजू ठेवायची हे तो सांगतो. उलटी घातली तर आतल्या पट्ट्यांच्या कडांवर काजळी आणि ओलावा अडकतो. आत गेल्यावर ही चूक कुणाला दिसत नाही, म्हणून नळी उचलण्याआधी दोघांनी बाण पाहा.

खालच्या टोकाला शंकू लावून दोरी खाली सोडा. वरचे दोघं नळी हळूहळू देतात, खालचा फक्त दिशा देतो. अडली तर जोर न लावता थोडी वर घ्या, फिरवा, पुन्हा सोडा. जोर लावून ओढलेल्या नळीचे वळसे उकलतात.

खाली टी-जोड किंवा अडॅप्टर बसवा. जोडांचा नियम एकच: वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत जायला हवं. म्हणजे डांबर आणि पाणी नळीच्या आतूनच खाली उतरतं. उलट जोडलं तर प्रत्येक सांध्यातून काळा ओघळ बाहेर येतो. धूर खालून वर जातो, म्हणून जोडही तसाच हवा, असं समजून ही चूक वर्षानुवर्षं केली जाते. टी-जोडाच्या खाली सफाईचं झाकण हाताला येईल असंच ठेवा. नळी आणि जुन्या धुराड्यामधली खालची फट स्टीलचा पत्रा आणि सिरॅमिक लोकर लावून बंद करा, नाहीतर खोलीतली उबदार हवा त्या पोकळीतून वर निघून जाते. एका लायनरला दोन स्टोव्ह जोडू नका.

वर नळी माथ्याच्या पट्टीला क्लॅम्पने टांगलेली असते, खाली ती ताठ आवळून बसवायची नाही. स्टील तापलं की वाढतं. १० मीटरची नळी ३०० अंशांनी तापली तर जवळपास ५ सेंमी लांब होते. ती वाढ कुठे जाणार याची सोय नसेल तर ताण सगळा टी-जोडावर येतो. बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत ही मोकळीक कशी ठेवायची ते दिलेलं असतं.

माथ्याच्या पट्टीखाली सीलंटची अखंड रेघ, वर कॉलर, त्यावर टोपी. टोपीची जाळी फार बारीक नको, तिच्यावर काजळी बसून धुराचं तोंडच बंद होतं. अमेरिकी नियमांतल्या ठिणगी-रोधक जाळीची भोकं साधारण १० ते १३ मिमीची असतात. माथ्याची सिमेंटची लादी बाहेरच्या बाजूला उतरती आणि विटांच्या पुढे थोडी निघालेली असली की पाणी विटांवरून न ओघळता बाहेर पडतं.

१०. चाचणी आणि पहिला जाळ

आवरण ओतीव मिश्रणाचं असेल किंवा कुठे आगीची माती वापरली असेल तर पिशवीवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण होऊ द्या. मग नळी कागदाच्या छोट्या जाळाने उबदार करून धुराची कांडी लावा. धूर वरूनच निघाला पाहिजे, पोटमाळ्यात किंवा वरच्या खोल्यांत त्याचा वास येता कामा नये. हीच चाचणी घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे चालू करून आणि दारं-खिडक्या लावून पुन्हा करा. जोरदार पंखा धुराड्यातली हवा उलटी खेचू शकतो आणि नेमका हाच प्रकार रोजच्या वापरात घडतो. तसं झालं तर बाहेरून हवा आणणारी वेगळी जाळी लागेल. कारागिराकडे दाबमापक असतो. लाकडाच्या बऱ्याच स्टोव्हच्या पुस्तिकांत १२ पास्कलच्या आसपासची ओढ मागितलेली असते. आकडा मोजून अहवालात लिहून घ्या.

पहिले दोन-तीन जाळ लहान ठेवा. नव्या रंगाचा आणि सीलंटचा वास येईल, खिडकी उघडी असू द्या. अलार्म वाजला तर नवं काम आहे, वाजणारच, असं समजू नका. आग विझवा, बाहेर पडा, कारागिराला बोलवा.

११. नंतरची देखभाल

धातूच्या लायनरला तारेचा कडक ब्रश लावू नका, नायलॉनचा वापरा. सफाई वर्षातून एकदा तरी हवीच, आणि थर ३ मिमी झाला की वेळापत्रकाची वाट न पाहता. कोळसा जाळत असाल तर हंगाम संपल्यावर लगेच. नव्या कारागिराला लायनर कोणत्या धातूचं आहे हे आधी सांगा.

लायनरची प्रत, व्यास, मानकाचा क्रमांक, बसवल्याची तारीख आणि कोणतं जळण चालेल, हे लिहिलेली पाटी सफाईच्या दाराजवळ किंवा वीजमीटरशेजारी पक्की लावा. युरोपात अशी पाटी नियमानेच लागते. पुढे घर दुसऱ्या कुणाकडे गेलं किंवा गॅस काढून लाकडाचा स्टोव्ह आणायचं ठरलं, तर त्या नळीला काय सोसवेल हे त्या पाटीवरून कळतं.